फौजदारांचा खांदा

गाडी वळली नाही, असं फौजदारांचं म्हणणं होतं. फौजदारांनी ती वळवली नाही, असं इमारतीतल्या बाकी सगळ्यांचं. या वादात पार्किंगच्या खांबाचा कोपरा मात्र उडाला होता. खांबाला नुकताच पिवळा रंग दिलेला, त्यामुळे तो उडालेला कोपरा वरच्या गॅलऱ्यांतूनही लख्ख दिसत होता आणि गॅलऱ्या भरलेल्या होत्या.

फौजदार हे त्यांचं आडनाव नव्हे आणि हुद्दाही नव्हे. ते एका विमा कचेरीत मोटारींच्या अपघातांचे दावे तपासत. पण हा माणूस बोलायला लागला की समोरच्याला आपण काहीतरी चोरताना पकडले गेलो आहोत असं वाटे, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. कचेरीत लोकांचे अर्ज येत, 'स्टिअरिंग अचानक जड झालं, त्यामुळे गाडी भिंतीवर गेली' असं त्यात लिहिलेलं असे, आणि फौजदार त्यावर लाल शाईने 'चालकाची चूक' असं लिहून मोकळे होत. आयुष्यभर त्यांनी हा शेरा इतक्या वेळा मारला होता की त्या दोन शब्दांसाठी त्यांना पेनकडे बघावंही लागत नसे.

आणि आता तेच फौजदार खांबापाशी उभे राहून ओरडत होते, "स्टिअरिंग अचानक जड झालं हो!"

"अचानक?" इमारतीचे सेक्रेटरी खाली आले होते. हे गृहस्थ निवृत्त इंजिनिअर. उभ्या हयातीत त्यांनी पूल बांधले, त्यामुळे न हलणाऱ्या वस्तूंबद्दल त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. हलणाऱ्या वस्तूंबद्दलही आपलाच शब्द शेवटचा, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. "फौजदार, यंत्र अचानक काही करत नाही. माणूस करतो. वय काय झालं आता तुमचं?"

"वयाचा काय संबंध?"

"हात धरत असतील. माझा मेहुणा असाच. एक दिवस बरणीचं झाकण उघडेना. आम्ही म्हटलं, झाकण घट्ट असेल."

"मग?"

"झाकण घट्ट नव्हतं," सेक्रेटरी गंभीरपणे म्हणाले आणि खांबाच्या उडालेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवू लागले.

फौजदारांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशी रोजच जात असे, पण एरवी ती कचेरीत जाई आणि तिथे तिचा उपयोग होता. इथे चारचौघांत, लेकीच्या देखत, एक पूल बांधणारा माणूस त्यांना बरणीच्या झाकणाशी नेऊन बसवत होता.

लेक वरून उतरली. तिने खांब पाहिला, गाडीचा चेपलेला कोपरा पाहिला, आणि बापाकडे अशा नजरेने पाहिलं की फौजदारांना ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "बाबा, लागलं नाही ना तुम्हाला? या, वर चला. गाडी आई लावेल."

"आई का लावेल? मी लावीन!"

पण किल्ली तोवर लेकीमागोमाग उतरलेल्या बायकोच्या हातात गेली होती. ती बसली, तिने गाडी सुरू केली, पाय दाबला, इंजिनाने सगळी इमारत हादरवली, आणि बाईसाहेबांनी एका हाताने चाक फिरवत गाडी खांबाच्या बाजूने अलगद नेऊन आपल्या जागेवर ठेवली. दुसऱ्या हाताने ती पदर सावरत होती.

"अगं रेस! किती रेस देतेस! गाडी आहे का विमान?" फौजदार सवयीने ओरडले. लग्नाला जितकी वर्षं झाली तितकी वर्षं ते हे वाक्य ओरडत आले होते.

"लागली ना जागेवर?" बायको खाली उतरली. "हलकं तर आहे स्टिअरिंग. लोण्यासारखं फिरतंय."

गॅलऱ्यांमधून कोणीतरी हसलं. कोण हसलं हे फौजदारांनी वर बघून शोधलं नाही, कारण सगळेच निघाले असते तर फार वाईट झालं असतं.

बायकोच्या गाडी चालवण्यावर फौजदारांचा राग होता तो तत्त्वाचा होता. ते स्वतः गाडी चालवत ती श्वास रोखून. पार्किंगमध्ये तर ते ॲक्सिलरेटरला पायच लावत नसत. क्लच हळूच सोडायचा आणि गाडी आपली आपण मुंगीच्या पावलांनी सरकायला हवी, हा त्यांचा कायदा. गाडी जुनी होती, तिच्या वयाच्या गाड्या रस्त्यावर आता दिसत नसत, आणि ती अजून चालते आहे ती आपल्या या शिस्तीमुळे, अशी त्यांची खात्री होती. यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडी एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडून सगळं पुसलं, बॅटरीची टोकं घासली, पाइपांचे पट्टे आवळले, आणि एका स्क्रूला स्क्रूड्रायव्हरने जरा पिळा देऊन गाडी जागेवर उभी असतानाचा इंजिनाचा वेग खाली आणला होता. उभ्या गाडीने पेट्रोल का प्यावं, हा त्यांचा सवाल होता. त्या दिवसापासून सिग्नलला त्यांची गाडी इतकी शांत उभी राही की शेजारचा स्कूटरवाला ती बंद पडली समजून सहानुभूतीने बघे. ही शांतता फौजदारांनी सगळ्या इमारतीला खाली बोलावून ऐकवली होती. सेक्रेटरींनी कान लावून 'वा' म्हटलं होतं.

तेव्हा अशा गाडीचं स्टिअरिंग जड होतं म्हणजे त्यात कुठेतरी बिघाड आहे, आणि तो शोधून या सगळ्यांच्या तोंडावर फेकायचा, असं फौजदारांनी त्याच संध्याकाळी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ते गॅरेजमध्ये गेले. मिस्त्रीला त्यांनी लक्षणं सांगितली. हळू वळताना चाक धरून ठेवल्यासारखं वाटतं, थांबून थांबून फिरतं, इंजिन मध्येच एक आचका देतं, आणि रस्त्याला लागलं की काही नाही. मिस्त्रीने सगळं ऐकलं, गाडीत बसला, सगळे मिस्त्री देतात तशी घुर्र घुर्र रेस देत गॅरेजच्या आवारात दोन गिरक्या घेतल्या आणि उतरला.

"काही नाही साहेब. एकदम मस्त आहे."

"मस्त कशी असेल? मी चालवताना होतं!"

"तुम्ही चालवताना होतं," मिस्त्री म्हणाला आणि फौजदारांच्या हातांकडे बघू लागला. तो तसा सज्जन माणूस होता, पण रिकाम्या हाती कुणाला परत पाठवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने पट्टा जुना आहे म्हणून पट्टा बदलला. पट्टा बदलून उपयोग झाला नाही तेव्हा स्टिअरिंगचं तेल काळं झालंय म्हणून तेल बदललं. त्यानेही भागलं नाही तेव्हा स्टिअरिंगला जोर देणारा पंपच गेलाय म्हणून पंप बदलला. दर वेळी तो रेस देत गिरक्या घेई आणि मस्त म्हणे, दर वेळी फौजदार घरी येऊन पार्किंगमध्ये मुंगीच्या पावलांनी शिरत, आणि दर वेळी चाक त्यांच्या हातात हट्टी जनावरासारखं अडून बसे.

पंपाच्या वेळी मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला होता, "साहेब, हिचं आयडलिंग फार उतरलंय. जरा चढवू का?"

"खबरदार!" फौजदार इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या गाडीखालचा माणूस बाहेर आला. "त्या स्क्रूला हात लावायचा नाही! तो मी लावलेला आहे. तुम्ही स्टिअरिंगचं बघा. तुम्हाला सांगितलं काय, तुम्ही बघताय काय!"

"राहिलं," मिस्त्री म्हणाला. गिऱ्हाईकाच्या शब्दाबाहेर जाण्याचं त्याला काही कारण नव्हतं.

जुना पंप फौजदारांनी भांडून घरी आणला. तो पुरावा होता. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी तो गॅलरीत ठेवला, आणि नवा पंप बसवूनही स्टिअरिंग जडच राहिल्यावर लेकीने तो दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावला. येता जाता फौजदारांच्या पायाचा अंगठा त्याला लागे आणि ते त्याला शिव्या घालत. शिव्या खरं तर मिस्त्रीला होत्या, पण मिस्त्री घरात नव्हता.

मग सल्ले सुरू झाले. सल्ल्याला पैसे पडत नाहीत म्हणून तो कोणीही देतो, हे फौजदारांचं मत पूर्वीपासूनच होतं. आता त्यांना कळलं की त्याहून वाईट म्हणजे सल्ला देणारा दुसऱ्या दिवशी चौकशीलाही येतो. तळमजल्यावरच्या वकिलीणबाईंनी चाकांत हवा जास्त भरायला सांगितली. सेक्रेटरी म्हणाले, हवा कमी करा. फौजदारांनी एकदा भरली, एकदा काढली, आणि शेवटी पुढची चाकं एकाचं ऐकत होती नि मागची दुसऱ्याचं. कचेरीतला एक सहकारी म्हणाला, "तुम्ही दावा का नाही टाकत? स्टिअरिंग अचानक जड झालं म्हणून!" त्यावर सगळी कचेरी हसली. फौजदारांनी त्या माणसाची रजा अडवता येईल का ते पाहिलं. येत नव्हती.

घरात तर वेगळंच शिजत होतं. बायको आता त्यांच्या हातून पाण्याची बादली काढून घेऊ लागली. लेक जड पिशवी आधीच उचले. जेवताना फौजदारांनी वरच्या फळीवरचा डबा काढायला हात वर केला की दोघींचं बोलणं थांबे. डबा खाली आला की पुन्हा सुरू होई.

"काय बघताय?" ते एकदा कडाडले.

"काही नाही," बायको म्हणाली. "उजवा खांदा जरा खाली वाटतो तुमचा."

"जन्मापासून खाली आहे!"

"लग्नाच्या फोटोत नाही दिसत."

आणि मग नेमकं त्याच सुमारास फौजदारांचं लायसन्स संपलं. नव्या मुदतीसाठी डॉक्टरचा दाखला लागतो. बायको 'मी पण येते' म्हणून दवाखान्यात सोबत आली, आणि डॉक्टर डोळे तपासत असताना सहज म्हणावं तसं म्हणाली, "डॉक्टर, यांना स्टिअरिंग जड जातं हो."

डॉक्टरने टॉर्च खाली ठेवला. मग त्याने फौजदारांचा उजवा हात धरून वर नेला, मागे नेला, पिळला. फौजदार रागाने इतके ताठ झाले होते की हात कुठेच जाईना. "कडक आहे," डॉक्टर म्हणाला. "बराच कडक आहे खांदा."

"खांदा कडक नाही! मी चिडलोय!"

"चिडचिड होतेच यात," डॉक्टर प्रेमाने म्हणाला आणि त्याने दाखल्यावर खांद्याचा शेरा मारला. वर व्यायाम दिला. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी चालत चालत हात भिंतीवर जमेल तितका वर न्यायचा. सकाळ-संध्याकाळ.

शेऱ्याचा दाखला घेऊन फौजदार लायसन्सच्या कार्यालयात गेले. पहिल्या खिडकीने त्यांना दुसरीकडे पाठवलं, दुसरीने पहिलीकडे. तिसरी खिडकी उघडी होती पण तिच्यामागे फक्त एक डबा आणि चष्मा होता. चष्म्याचा माणूस आला तेव्हा त्याने दाखला वाचला आणि म्हणाला, "शेरा आहे. शेरा असला की ट्रॅकवर चाचणी द्यावी लागते."

"शेरा चुकीचा आहे."

"असेल. पण शेरा आहे."

हे वाक्य आजवर फक्त फौजदारांचं होतं. खिडकीच्या अलीकडे उभं राहून ते कसं लागतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं, आणि फार वाईट लागत होतं.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी लेकीने बापाजवळ बसून सांगितलं, "बाबा, उद्या काय होईल ते होऊ दे. पण नापास झालात तर हट्ट नको. किल्ली आईकडे राहील. आम्ही सोडू ना तुम्हाला, म्हणाल तिथे." ती इतक्या मायेने बोलली की फौजदारांनी दाराकडे पाहिलं. दाराशेजारच्या खिळ्यावर किल्ली लटकत होती. घर घेतलं तेव्हा तो खिळा त्यांनी स्वतः ठोकला होता, आपल्या हाताला येईल अशा उंचीवर. मागल्या सीटवर, भाजीच्या पिशवीशेजारी, आपण नेले जातो आहोत, आणि पुढे बायको रेस देते आहे, असं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. ते ओरडलेच नाहीत. घरातल्या दोघीही त्यामुळे घाबरल्या.

ट्रॅक म्हणजे एक मोकळं आवार होतं. डांबरावर इंग्रजी एसच्या आकाराची वाट आखलेली, कडेला प्लॅस्टिकचे शंकू. शेजारच्या सीटवर निरीक्षक येऊन बसला. तरुण मुलगा, तोंडात पेन. फौजदारांनी आरसा पाहिला, पट्टा लावला, आणि क्लच हळूच सोडला. मुंगीच्या पावलांनी गाडी वाटेत शिरली. पहिलं वळण आलं. फौजदारांनी चाक फिरवलं.

चाक अडलं. इंजिनाने आचका दिला. फौजदारांनी दात-ओठ खात जोर लावला, कपाळावर घाम आला, उजव्या खांद्यातून खरोखरच एक कळ गेली. समोरचा शंकू हळूहळू जवळ येऊ लागला आणि बंपरखाली वाकू लागला.

निरीक्षकाने तोंडातलं पेन काढलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "घाबरू नका, आजोबा. सावकाश. दमला असाल तर राहू द्या."

आजोबा! लेकीचं अजून लग्न ठरलं नव्हतं, आणि हा आजोबा म्हणतो! खांब, झाकण, खांदा, शेरा, सगळं एकदम डोक्यात गेलं. "आजोबा कोणाला म्हणतोस रे!" फौजदार गरजले, आणि संतापाने त्यांचा उजवा पाय असा आपटला की त्याखाली ॲक्सिलरेटर आहे हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

इंजिन किंचाळलं. आणि त्याच क्षणी चाक त्यांच्या हातात गर्रकन फिरलं. लोण्यासारखं.

फौजदारांचा संताप जागच्या जागी थिजला. त्यांनी पाय काढला. चाक जड. पाय दाबला. हलकं. काढला, जड. दाबला, हलकं. वळणं संपली तरी ते थांबेनात. ट्रॅक सोडून ते आवारात गिरक्या घेऊ लागले, एक उजवीकडे, एक डावीकडे, घुर्र घुर्र रेस देत, आणि निरीक्षक दोन्ही हातांनी डोक्यावरची कडी धरून "पास आहात, साहेब, पास आहात" असं म्हणत होता. त्याच्या आवाजात आता आजोबा नव्हता. गाडी थांबताच तो दार उघडून उतरला आणि बॉनेटवरच कागद ठेवून त्याने सही ठोकली. "खांदा उत्तम आहे," तो दुरून म्हणाला.

फौजदार कार्यालयाबाहेर झाडाखाली गाडी लावून बराच वेळ बसले. पंपाला फिरवतं इंजिन. इंजिन मेल्यासारखं फिरलं तर पंप तरी काय जोर लावणार? बायको रेस देते, मिस्त्री रेस देतो. एकट्या फौजदारांच्या पायाखाली इंजिन श्वास रोखून असतं. आणि त्याचा श्वास कोणी रोखला? त्यांनी बॉनेट उघडलं. तो स्क्रू तिथेच होता, आणि त्याच्या खाचेवर त्यांच्याच स्क्रूड्रायव्हरचा चकचकीत ओरखडा होता.

'चालकाची चूक.' शब्द त्यांच्या डोळ्यांपुढे लाल शाईत उभे राहिले. त्यांना सेक्रेटरींचा राग आला, मिस्त्रीचा आला, त्याने आपलं का ऐकलं म्हणून जास्तच आला. मग रागावायला माणसं संपली. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं, डिकीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि स्क्रू होता तिथे परत नेला. इंजिन खाकरलं आणि पूर्वीसारखं घुमू लागलं. हात त्यांनी रुमालाला पुसले.

घरी ते पार्किंगमध्ये मुंगीच्या पावलांनी शिरले. खांबाच्या बाजूने गाडी अलगद वळली. सेक्रेटरी गॅलरीत उभे होते. ते आत गेले.

दारात दोघी वाट बघत होत्या. "काय झालं?" लेकीने विचारलं.

"पास," फौजदार म्हणाले. "गाडी वळते. एकदम हलकी."

"मग काय होतं तिला? पंप? पट्टा?"

फौजदारांनी दोघींकडे पाहिलं. दाराला टेकलेल्या जुन्या, धडधाकट पंपाकडे पाहिलं. जितके दिवस ते इमारतीशी भांडले, तितके दिवस त्यांना एकच गोष्ट सिद्ध करायची होती. ती आता त्यांच्या हातात होती आणि तिचा उच्चार करता येत नव्हता.

"गाडीला काही नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "खांदाच होता. डॉक्टर बरोबर होते. व्यायामाने मोकळा झाला."

लेकीचे डोळे भरून आले. बापाने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला बरोबर म्हटलं होतं. तिने त्यांना मिठी मारली. बायको मात्र जागची हलली नाही. ती त्यांच्या खिशातून डोकावणाऱ्या रुमालाकडे बघत होती.

"आज गाडी आत शिरली ते मला स्वयंपाकघरात ऐकू आलं," ती म्हणाली. "किती दिवसांनी."

फौजदार रुमाल आत सारू लागले.

तिने रुमाल दोन बोटांनी ओढून काढला, त्याच्यावरचे काळे डाग उलटसुलट पाहिले आणि लेकीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं, "खांद्याला ग्रीस लागतं का हो?"

फौजदारांचे कान लाल झाले. पण ती हसली नाही. रुमाल तिने धुण्यात टाकला आणि मग सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "व्यायामाने एवढा गुण आलाय तर सोडू नका हं आता. सकाळ-संध्याकाळ. व्हा बघू उभे, आजची वेळ झालीच आहे. मी जरा भाजी घेऊन येते."

तिने खिळ्यावरून किल्ली काढली आणि ती खाली गेली. फौजदार भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. लेक कौतुकाने बघत होती, त्यामुळे इलाज नव्हता. त्यांनी बोटं भिंतीवर टेकवली आणि एकेक पाऊल वर न्यायला सुरुवात केली. तेवढ्यात खालून गाडी सुरू झाली आणि सगळी इमारत हादरेल अशी रेस आली.

त्यांनी सवयीने तोंड उघडलं. लेकीने विचारलं, "काय बाबा, दुखतंय का?"

"नाही," फौजदार भिंतीला म्हणाले, आणि त्यांनी हात आणखी वर नेला.